देवालयाच्या भेगा कोणी बुजवाव्या?

मंडळीच्या अभ्यासासाठी पाठ

शास्त्रभाग : २ राजे १२:४–१५, २ इतिहास २४:१७–२२, मार्क १३:१–२, १ पेत्र २:४–५.



गेल्या पावसाळ्यानंतर एका खेड्यातील मंडळीच्या वडिलांचे पत्र माझ्या हाती आले. त्यांच्या गावचे दगडी देवालय शंभर वर्षांहून जुने आहे. छप्पर गळते, पूर्वेकडील भिंतीस भेग पडली आहे, आणि मंडळीत दोन पक्ष झाले आहेत. एक पक्ष म्हणतो, "देवालय जुने आहे, तेव्हा सरकारने ते 'वारसा' म्हणून आपल्या यादीत घ्यावे, म्हणजे दुरुस्तीची आपली काळजी मिटली." दुसरा पक्ष म्हणतो, "सरकारचा हात एकदा लागला की उपासना बंद पडेल. म्हणून यादीची गोष्ट निघण्यापूर्वीच ते पाडून स्लॅबचे नवे बांधून टाकावे." पत्राच्या शेवटी त्या वडिलांनी विचारले आहे, "पाळकसाहेब, यांतले खरे कोणते?"

माझे उत्तर असे की, दोन्ही पक्षांची समजूत चुकीची आहे. असा प्रश्न पुष्कळ मंडळ्यांपुढे आज ना उद्या उभा राहणारच आहे. म्हणून त्या वडिलांस एकट्यास उत्तर न धाडता या पाठाच्या रूपाने सर्वांस देत आहे.

१. कात्रजचे पाणी

ज्या ठिकाणी बसून मी हे लिहीत आहे, त्या कात्रजच्या तळ्यापासूनच आरंभ करू. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळी येथे बांध घालून पाणी अडवण्यात आले, आणि जमिनीखालून बांधीव नळ काढून ते काही कोसांवरील पुणे शहरात नेण्यात आले. नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. शहरात ते पाणी हौदांत पडे व तेथून लोक घागरी भरून नेत. दगड, चुना आणि जमिनीचा उतार, एवढ्याच साधनांवर हे काम पिढ्यानपिढ्या चालले.

हे काम कशाने टिकले? केवळ बांधणाऱ्याच्या कौशल्याने नव्हे. नळातील गाळ काढणारा, सांधा निखळला तर चुना भरणारा, हौद उपसून स्वच्छ करणारा कोणीतरी होता, म्हणून ते टिकले. काळजी घेणारे हात गेले, की उत्तमातील उत्तम बांधकामही निकामी होते. हे तत्त्व ध्यानात ठेवून आता त्याच हौदांच्या शहरातील एका देवालयाकडे जाऊ.

२. पंचहौदचे पवित्र नाम देवालय

पुण्याच्या जुन्या वस्तीत पाच हौदांवरून 'पंचहौद' हे नाव पडलेली जागा आहे. तेथे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील बंधुसंघाने आणि वाँटेज येथील भगिनीसंघाने गेल्या शतकापूर्वीच्या शतकात मिशनकार्य चालवले. वाँटेजच्या भगिनी १८७७ साली पुण्यास आल्या. पंडिता रमाबाईंचा इंग्लंडला जाण्याचा मार्ग या भगिनींच्या ओळखीतूनच खुला झाला, आणि १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंचहौदचे पवित्र नाम देवालय १८८५ साली उपासनेस समर्पित झाले. उत्तर भारत मंडळीच्या पुणे धर्मप्रांताचे ते आज मुख्य देवालय आहे.

देवालयाचा उंच मनोरा मुख्य इमारतीस लागून नसून तिच्यापासून वेगळा उभा आहे. ही इटली देशातील रीत होय. मनोऱ्याची उंची सुमारे १३० फूट असून त्यात इंग्लंडात ओतलेल्या आठ घंटा टांगल्या आहेत. मोठी घंटा झुलू लागली म्हणजे तिच्या हिसक्याने मनोरा किंचित हालतो. मनोरा वेगळा असला तर तो हिसका देवालयाच्या भिंतींना बसत नाही. अशा रीतीने जुन्या कारागिरांची शोभा बहुधा उपयोगाच्या पायावर उभी असते. दगडी कमानीचेही तसेच. तिच्यात प्रत्येक दगड आपला भार शेजारच्या दगडावर टाकतो आणि शेजाऱ्याचा भार आपण घेतो. त्यांतला एक ढळला तर सारी कमान सैल होते. प्रेषित पेत्राने विश्वासणाऱ्यांस जिवंत दगडांची उपमा दिली आहे, तिचा अर्थ कमानीखाली उभे राहिल्यावर अधिक उमगतो.

या जागेस आणखीही एक आठवण जडलेली आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेस आलेल्या पुण्यातील प्रतिष्ठित गृहस्थांपुढे चहाचे पेले ठेवण्यात आले. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हेही होते. पुढे ही गोष्ट वर्तमानपत्रात आली, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला, आणि प्रायश्चित्ताची प्रकरणे उभी राहिली. एका पेल्याने सारे शहर ढवळून निघाले! ज्या समाजात पाणी कोणी कोणाच्या हातचे प्यावे हा धर्माचा प्रश्न होता, त्या समाजाचा इतिहास या आवारातून गेलेला आहे. म्हणून अशी वास्तू पाडणे म्हणजे साऱ्या गावाच्या स्मरणाचे एक पान फाडणे होय. 'वारसा' या शब्दाचा अर्थ हाच.

पुण्यात याहून जुन्या ख्रिस्ती वास्तूंच्या खुणाही आहेत. रोमी बांधवांच्या देवालयासाठी १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबाराने जमीन दिली. छावणीतील सेंट मेरीज देवालय १८२५ साली बिशप हेबर यांनी समर्पित केले. ख्रिस्ती देवालय म्हणजे परक्यांची वस्तू, असे जे म्हणतात, त्यांना पेशव्यांनी दिलेल्या त्या जमिनीची गोष्ट नम्रपणे सांगावी.

३. कायदा काय करतो व काय करीत नाही

जुन्या वास्तूंच्या रक्षणाचे आपल्याकडे तीन मार्ग आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच पत्रातील दोन्ही पक्ष घोटाळ्यात पडले आहेत.

पहिला मार्ग केंद्र सरकारचा. लॉर्ड कर्झन यांच्या काळी १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वराज्यात त्याची जागा १९५८ च्या कायद्याने घेतली. निदान शंभर वर्षांची आणि राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू या कायद्याखाली संरक्षित म्हणून घोषित करता येते. २०१० च्या दुरुस्तीने अशा वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना केले असून त्यापुढील २०० मीटरपर्यंत त्यावर निर्बंध आहेत. पण याच कायद्यात असेही म्हटले आहे की, संरक्षित वास्तू उपासनेचे स्थान असेल तर तिचा त्या स्वरूपास न शोभणारा उपयोग होऊ नये. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस देवालय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि १९८६ पासून जागतिक वारशात गणलेले आहे. तरी तेथे आजही नित्य उपासना चालते. तेव्हा सरकारचा हात लागला की प्रार्थना बंद पडते, ही भीती निराधार आहे.

दुसरा मार्ग राज्य सरकारचा. महाराष्ट्राने १९६० साली स्वतःचा कायदा केला व त्याखाली राज्यातील स्मारके संरक्षित होतात.

तिसरा मार्ग शहरांचा, आणि देवालयांचा संबंध बहुधा याच्याशी येतो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या आधारे महानगरपालिका वारसा-वास्तूंची यादी करतात. मुंबईत असे नियम १९९५ साली लागू झाले. यादीत श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीच्या वास्तूस, ती बळकट करण्यासाठी अवश्य असेल तेवढे सोडून, आतून वा बाहेरून हात लावू देत नाहीत. दुसऱ्या श्रेणीत आतील फेरबदलास काही वाव असतो, तिसऱ्या श्रेणीत त्याहून अधिक. आयुक्त वारसा-समितीचा सल्ला घेऊन परवानगी देतात. ही परवानगी पाडण्यासाठी तर लागतेच, पण दुरुस्ती, गिलावा आणि रंग यांसाठीही आधी लेखी घ्यावी लागते. कित्येक पंचांस हे ठाऊक नसते आणि नाताळ जवळ आला की ते रंगाऱ्यास बोलावतात.

आता मुख्य मुद्दा नीट ध्यानात घ्या. यादीत नाव आले म्हणून देवालयाची मालकी बदलत नाही. ते मंडळीचे वा तिच्या विश्वस्तांचेच राहते. मालकी राहते म्हणून कर्तव्यही राहते. यादी हात धरून म्हणते, "हे उतावळेपणाने पाडू नका." पण यादी शिडी लावून कौले चाळत नाही. अनुदान मिळाले तर देवाचे आभार मानावे, पण त्याच्या भरवशावर छप्पर गळत ठेवू नये.

आपली बहुतेक खेड्यांतील देवालये तर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांना हा तिसरा मार्गही सहसा नाही. त्यांच्या जमिनीस मात्र एक कुंपण आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून विकता येत नाही. हे कलम प्रत्येक वडिलास ठाऊक असावे. पण कुंपण असूनही शेत राखावे लागते, हे शेतकऱ्यास मी काय सांगावे?

४. योवाशाची पेटी

कर्तव्य मंडळीचे आहे हे ठरल्यावर ते पार कसे पाडावे, याचा उत्तम धडा २ राजे याच्या बाराव्या अध्यायात आहे. यरुशलेमेतील मंदिरास भेगा पडल्या होत्या. योवाश राजाने याजकांस आज्ञा केली की, लोकांकडून येणाऱ्या पैशातून त्या बुजवा. पैसा येत राहिला, पण राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी एकही भेग बुजली नव्हती! शास्त्र याजकांवर चोरीचा आरोप करीत नाही. काम सर्वांचे होते, म्हणून कोणाचेच नव्हते, एवढेच त्यावरून दिसते. आपल्या पंचकमिट्यांस हा अनुभव नवा नाही.

मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले आणि ती वेदीजवळ, मंदिरात येणाऱ्यांच्या उजव्या हातास ठेवली. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत. तो पैसा सुतार, गवंडी आणि पाथरवट यांच्या मजुरीस, लाकडास व घडीव दगडास लावला जाई. त्यातून रुप्याची पात्रे केली नाहीत. आणि कामावरचे लोक इतके प्रामाणिक होते की, त्यांच्याकडून हिशेब मागावा लागला नाही.

येथे चार गोष्टी शिकण्याजोग्या आहेत : दुरुस्तीचा निधी वेगळा असावा, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर असावा, मोजणारे दोन असावेत, आणि शोभेच्या आधी छप्पर यावे. गळत्या छपराखाली नवे ध्वनिक्षेपक व रंगीत दिवे लावणाऱ्या मंडळीने रुप्याच्या पात्रांविषयीचे ते वचन पुन्हा वाचावे.

मुंबईतही असेच एकदा घडले. सेंट थॉमस देवालयाचे काम १६७६ च्या सुमारास सुरू झाले, पण लवकरच थांबले, आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब नावाचे पाळक आले. त्यांनी व्यासपीठावरून लोकांची कानउघाडणी केली, वर्गणी जमवली, आणि १७१८ च्या नाताळाच्या दिवशी देवालय उपासनेस खुले झाले. चर्चगेट हे नाव या देवालयाकडील किल्ल्याच्या दरवाजावरूनच पडले. त्याच्या जीर्णोद्धाराच्या कामास २००४ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. ज्या भिंती एके काळी मुंबईकरांच्या आळसाची साक्ष देत होत्या, त्याच पुढे जगास आदर्श झाल्या.

५. चुना आणि सिमेंट : माझी स्वतःची चूक

तरी केवळ पैसा व आवेश पुरेसे नाहीत; कामाचे ज्ञानही हवे. हे मी स्वतःची चूक सांगून स्पष्ट करतो. वीस वर्षांपूर्वी मी नुकताच पाळक होऊन एका खेड्यात गेलो. तेथील देवालय काळ्या दगडाचे व चुन्याच्या दरजांचे होते. काही दरजांतून चुना गळत होता. मला वाटले, सिमेंट बळकट. तेव्हा सर्व दरजा सिमेंटने भराव्या आणि आतून सिमेंटचा गिलावा करावा. गावातील एक वृद्ध गवंडी मला म्हणाला, "साहेब, भिंतीचा श्वास कोंडू नका." मी शिकलेला, मला त्याचे बोलणे अडाणीपणाचे वाटले. विधवांनी कोंबड्या विकून दिलेला पैसा मी त्या कामास लावला.

तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्यास फोड आले. आतून ओल फुटली, क्षार बाहेर पडले, आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजली. त्या भगिनींपुढे उभे राहून मला चूक कबूल करावी लागली. तो गवंडी तोपर्यंत देवाघरी गेला होता. त्याची क्षमा मागण्याची संधी मला राहिली नाही.

कारण असे की, जुन्या भिंतीत पाणी शिरतेच, वरून पावसाचे आणि खालून जमिनीचे. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ व सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी त्याच्यावाटे वाफ होऊन निघून जाते, आणि भिंत किंचित हालली तरी सांधा ते सोसतो. झीज झाली तर चुन्याची होते, दगडाची नाही. आणि चुना पुन्हा भरता येतो. सिमेंट ताठर व घट्ट असते. ते पाणी आत कोंडते आणि स्वतः न झिजता दगडाला व लाकडाला झिजवते. म्हणून जुन्या भिंतीस भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखी हेच योग्य. जुने गवंडी चुना घाणीत मळीत आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालीत. ते अडाणी नव्हते, अडाणी मी होतो.

याच्या उलट चूकही घडते. वर सांगितलेले बॉम जेझूस देवालय १५९४ ते १६०५ या काळात जांभ्या दगडाने बांधले गेले आणि बाहेरून त्यास चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकात, दगड दिसावा म्हणून, तो गिलावा काढून टाकण्यात आला. जांभा मऊ व सच्छिद्र. कोकणचा पाऊस त्यास झिजवू लागला, आणि गिलावा पुन्हा करावा की काय, हा वाद आज तेथे चालू आहे. यावरून हे शिकावे की, जुन्याजाणत्यांनी जे केले त्याचे कारण समजल्यावाचून ते बदलू नये.

६. या वर्षी करावयाचे काम

मंडळी लहान व गरीब असली तरी पुढील गोष्टी तिला करता येतील.

पहिली, मृग नक्षत्राच्या आधी दर वर्षी छप्पर पाहावे. फुटकी कौले बदलावी, पन्हळी साफ कराव्या, भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू देऊ नये. देवालयांचा नाश बहुधा वादळाने होत नाही, तुंबलेल्या पन्हळीने होतो. मंगलोरी कौले असतील तर ती उतरवून पत्रे घालण्याची घाई करू नका. ती कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढून प्रथम केली. तीही मिशनच्या इतिहासाचा भाग आहेत.

दुसरी, भिंतीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ वा वड रोप असतानाच काढावा. मुळ्या जाड झाल्यावर ओढून काढल्यास दगडही निघतात.

तिसरी, एक वही करावी. देवालय केव्हा बांधले, कोणी दगड वाहिले, कोणी जमीन दिली, हे वृद्धांकडून ऐकून लिहावे. चारी बाजूंची छायाचित्रे, लांबीरुंदी, सात-बारा उतारा अथवा मिळकत पत्रिका, न्यासाची नोंद आणि बाप्तिस्म्याची जुनी पुस्तके यांच्या नकला दोन ठिकाणी ठेवाव्या. यादीत नाव घालण्याची वेळ आली तर हीच वही प्रथम मागतील. आणि कोणी जमिनीवर डोळा ठेवला तर हीच ढाल होईल.

चौथी, भेग दिसली तर ती लागलीच लिंपू नये. तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंस चिकटवून तारीख लिहावी. पट्टी फुटली तर भिंत अजून हालते आहे, तेव्हा जुन्या बांधकामाचा जाणता मनुष्य बोलवावा. पट्टी वर्षभर शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, चुन्याने बुजवता येईल.

पाचवी, योवाशाची पेटी ठेवावी, आणि दोघांनी मोजावी.

७. दगडांहून मोठे

आता एक सावधगिरीची सूचना. योवाशाचा इतिहास बाराव्या अध्यायात संपत नाही. २ इतिहास याचा चोविसावा अध्याय सांगतो की, यहोयादा वारल्यावर तोच राजा देवापासून फिरला. यहोयादाचा पुत्र जखऱ्या याने त्याला दोष दाखवला, तेव्हा राजाच्या आज्ञेने त्याला दगडमार करून ठार मारण्यात आले, आणि तेही मंदिराच्याच अंगणात. ज्याने भिंतींच्या भेगा बुजवल्या, त्याच्या अंतःकरणास भेग पडली होती. आपल्या प्रभूचे शिष्यही एकदा मंदिराच्या भव्य दगडांकडे बोट दाखवून आश्चर्य करू लागले, तेव्हा प्रभूने त्यांस सांगितले की यांतला एकही जागेवर राहणार नाही.

मग देवालय जपावे कशासाठी? दगड पवित्र आहेत म्हणून नव्हे. ज्यांनी उपाशी राहून ते दगड वाहिले त्यांची ती साक्ष आहे, आणि ती आपल्या मुलांपर्यंत पोहोचवणे हे आपल्याकडे सोपवलेले काम आहे म्हणून. भेग बुजवण्यास एकत्र आलेले ते दोन पक्ष, भेग बुजवता बुजवता एकमेकांशी समेट करतील, तर ते काम देवास अधिक प्रिय होईल. त्या वडिलांस मी एवढेच लिहिले आहे : "देवालय पाडू नका, सरकारची वाटही पाहू नका. पुढच्या रविवारी उपासनेनंतर दोन्ही पक्षांतून दोन-दोन माणसे शिडी घेऊन छपरावर चढवा."

विचारासाठी प्रश्न

१. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी, पैसा येत असूनही, मंदिराची दुरुस्ती का झाली नाही? आपल्या मंडळीत असे कोणते काम 'सर्वांचे म्हणून कोणाचेच नाही' असे पडून आहे?

२. वारसा-यादीत नाव आल्याने काय घडते व काय घडत नाही, ते आपल्या शब्दांत सांगा.

३. आपले देवालय कोणी, केव्हा बांधले? हे सांगू शकणारे वृद्ध आपल्यात कोण आहेत, आणि त्यांच्याकडून ते कोण लिहून घेईल?

४. शोभा आणि गरज यांत आपल्या मंडळीचा खर्च कोठे होतो?

५. योवाशाने भिंत दुरुस्त केली, पण पुढे तो का पडला? जिवंत दगड म्हणून आपण आपल्या शेजाऱ्याचा भार घेतो काय?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या वाडवडिलांनी तुझ्या नावासाठी जे उभारले ते राखण्यास आम्हांस शहाणपण व प्रामाणिक हात दे, आणि भिंतींच्या भेगांबरोबर आमच्यामधील भेगाही बुजव. आमेन.